तीन पाकळ्यांचा स्क्रू

शुक्रवार, ७ मार्च

निवृत्त होऊन आज सातवा दिवस. शाळेनं निरोपाला दिलेल्या या डायरीची जानेवारी-फेब्रुवारीची पानं कोरीच गेली. मार्चचीही गेली असती, कारण लिहिण्यासारखं काही घडतच नव्हतं. आज दोन गोष्टी घडल्या.

एक म्हणजे सुकन्या आली. कळवलं नव्हतं. पुण्याच्या ट्रॅव्हल्समधून सकाळी सहाला दोन मोठ्या बॅगा घेऊन उतरली. "आठ दिवस सुट्टी टाकलीय," म्हणाली. रुद्रेशरावांना कामातून सवड नाही. लग्नाला तीन वर्षं झाली, एकटी अशी पहिल्यांदाच आली. मला आनंदच झाला. घरात बोलायला कोणीतरी हवंच होतं. हे सकाळी आठला मोंढ्यातल्या धान्याच्या आडतीवर जातात ते जेवायलाच येतात.

दुसरी गोष्ट बॅगेत सापडली. कपडे कपाटात लावत होते. मार्च महिन्यात दोन स्वेटर, तिची प्रमाणपत्रांची फाइल, चांदीचं करंड्याचं ताट. हल्लीच्या पोरी आठ दिवसांना काय काय भरतात! स्वेटरच्या घडीत टॉवेलात गुंडाळलेलं एक यंत्र निघालं. पाटीच्या निम्म्याएवढं, मधे काळी काच, दोन्ही बाजूंना अंगठ्याखाली फिरणारी दोन बोंडं आणि चार-चार बटणं. सुकन्या म्हणाली, त्याला कन्सोल म्हणतात, हातात धरून गेम खेळायचा. मी वरचं बटण दाबलं. काही झालं नाही.

"बंद पडलंय ते. राहू दे, आई."

"कधी बंद पडलं?"

"झाले पंधरा दिवस. आपोआप पडलं."

आपोआप काही बंद पडत नाही, असं मी एकोणतीस वर्षं सातवीच्या पोरांना सांगत आले. तिलाही सांगितलं. ती आंघोळीला गेली.

शनिवार, ८ मार्च

शाळेतल्या प्रयोगवहीसारखं लिहिते.

साडेनऊला माझ्या मोबाईलचा चार्जर लावला, टोक बसलं नाही. ह्यांच्या नव्या फोनचा लावला, तो बसला. काचेवर काही उमटलं नाही. तासाभरानं पाठीला हात लावून पाहिला, गार. साडेअकरालाही गार. आत वीज शिरत असती तर थोडं तरी कोमट लागायला हवं होतं. मग शंका आली की भिंतीतलं सॉकेटच गेलं असेल. तिथं टेबलावरचा दिवा लावला, तो लागला. त्याच वायरीवर ह्यांचा फोन लावला, तोही चार्ज व्हायला लागला. म्हणजे सॉकेट बरोबर, वायर बरोबर. दोष यंत्रातच.

हे लिहिताना किती बरं वाटतंय ते कोणाला सांगता येत नाही. खरं सांगायचं तर एवढी वर्षं मी फळ्यावर सर्किटची आकृती काढली, पण एकही वस्तू उघडून आत पाहिली नाही. आमच्या शाळेला प्रयोगशाळा नव्हती हे खरं. पण घरात मिक्सर होता, रेडिओ होता. कोण अडवत होतं?

सुकन्याला विचारलं, याचा मूळचा चार्जर कुठाय? म्हणाली, पुण्याच्या घरी.

"मग रुद्रेशरावांना पाठवायला सांग."

"नको."

"का? त्यांना विचारलं तर—"

"आई, नको म्हटलं ना."

उन्हानं डोकं चढलं असणार. लिंबाचं सरबत करून दिलं.

सोमवार, १० मार्च

रुद्रेशरावांना मीच फोन लावला. एवढ्याशा गोष्टीला संकोच कसला?

"ते तिकडं आहे होय, मामी? मी घरभर शोधलं."

मी त्यांना शनिवारचे सगळे प्रयोग सांगितले. नंतर म्हणाले, "अजिबात चालू होत नाही?"

"अजिबात नाही."

"काही आवाज? काहीच प्रतिसाद नाही?"

"काही नाही बघा."

त्यांनी मग नीट समजावलं. अशी यंत्रं कधी कधी आतल्या आत अडकून बसतात. वरचं बटण वीस सेकंद दाबून धरायचं, सोडायचं, थोडं थांबायचं आणि मग एकदाच हलकं दाबायचं. मी पाटीवर लिहून घेतल्यासारखं लिहून घेतलं. शेवटी विचारलं, "सुकन्या नीट जेवते ना?" मी म्हटलं, जेवते की. आणि चार्जिंगला एकूण किती तास ठेवू? म्हणाले, निदान चार तास.

माणूस मोठा मनमिळाऊ. एका मशीनसाठी किती आस्थेनं विचारत होते.

बुधवार, १२ मार्च

वीस सेकंद दाबून पाहिलं. तीस, चाळीस सेकंदही. सुकन्या पलंगावर पडून होती. तिच्या समोरच घड्याळ लावून दाबलं. ती म्हणाली, "त्याला सांग, दाबून काही होत नाही."

नवऱ्याचा उल्लेख ती आता आमच्या देखतही एकेरीच करते. मी फोनवर तिचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. रुद्रेशराव म्हणाले, "बरं. आणखी काय म्हणाली?" मी म्हटलं, आणखी काही नाही. त्यांनी मग चार्जिंगचं भोक साफ करायला सांगितलं, पण सुईनं नाही, लाकडी काडीनं. आत धातू लागता कामा नये. चष्मा लावून, टॉर्चचा उजेड पाडून दात कोरायच्या काडीनं साफ केलं. कापसासारखा मळ निघाला, मुगाच्या दाण्याएवढा. केवढा हरखले! पुन्हा चार तास लावलं. काही नाही.

दुपारी आणखी एक प्रयोग केला, हा माझ्या डोक्यातला. पडद्यामागचा उजेड गेला असेल तर चित्र असूनही दिसणार नाही. म्हणून कोठीची खोली बंद करून काचेवर तिरपा उजेड टाकला. चित्राची सावलीही नाही. पाठीला कान लावला. आत पंखा असतो म्हणतात, त्याची घरघर नाही. म्हणजे पडदा गेलेला नाही, वीज मुळातच पोचत नाही.

कोठीतून बाहेर आले तर हे दारात उभे. "काय करून राहिलीस अंधारात?" सांगितलं. ह्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पोरीशी बोललीस का?"

"बोलले की. तिला काही माहीत नाही, आपोआप बंद पडलं म्हणते."

हे हातपाय धुवायला गेले.

संध्याकाळी उदगीरहून व्याह्यांचा, रेवणप्पांचा फोन. ते फोनवर निम्मं कानडी बोलतात. पाडव्याला त्यांच्या हार्डवेअरच्या दुकानात पूजा आहे. "सूनबाई अन् रुद्रेश जोडीनं बसणार. तुमी दोघंबी बर्री," म्हणाले. बर्री म्हणजे या. आवाजात फार आनंद होता. सुकन्याला सांगितलं तर म्हणाली, "ऐकलं मी."

शुक्रवार, १४ मार्च

धुळवड. ट्रॅव्हल्सच्या माणसाकडून पुण्याचं पार्सल आलं. रुद्रेशरावांनी मूळचा चार्जर पाठवलाय! सोबत सुकन्याचा जुना चष्मा, तिच्या सर्दीच्या गोळ्या आणि एक पिवळी ओढणी. ती ओढणी घेऊन गच्चीवर गेली. रंग खेळणाऱ्या पोरांना बघत असेल म्हणून मी हाक मारली नाही.

मूळच्या चार्जरनंही काही झालं नाही. पाच तास ठेवलं. आज पहिल्यांदा वाटलं की हे माझ्या आवाक्यातलं नाही. बाहेरून करायचं ते सगळं करून झालं. आता उघडणं. आणि पाठीवरचे स्क्रू मी आजवर कधी पाहिले नाहीत असे. अधिक चिन्हाचे नाहीत, एका रेघेचेही नाहीत. मधून तीन पाकळ्या फुटल्यासारखे.

आठ दिवसांची सुट्टी आज संपली. सुकन्या म्हणाली, वाढवून घेतली.

सोमवार, १७ मार्च

बसस्टँडसमोर भागवतचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. मला बघताच उभा राहिला. "मॅडम, ओळखलं का? दोन हजार चारची सातवी, ब तुकडी."

ओळखलं नव्हतं. हो म्हटलं.

त्यानं यंत्र उलटसुलट करून पाहिलं. "असला स्क्रू खोलायचा पाना माझ्याकडं हाय, पण झिजलाय. जबरदस्ती केली तर स्क्रूचं तोंड जाईल, मग कुणाच्या बापाला निघायचं न्हाई. लातूरहून नवा मागवतो. आठवडा लागंल."

मी विचारलं, उघडताना मला बघता येईल का? तो हसला.

"मॅडम, तुमी मला एकदा दिवसभर वर्गाबाहेर उभं केलं होतं. आठवतं का? शाळेचा टेप रेकॉर्डर खोलला होता म्हणून. मी म्हणालो, आत काय हाय ते बघायचं होतं. तुमी म्हणाल्या, बघायचं तर पुस्तकात बघ."

चांगलं हसून सांगितलं त्यानं, चहाही पाजला. मी यंत्र पिशवीत घालून घरी आले.

मंगळवार, १८ मार्च

मला आठवत नाही. पुष्कळ आठवून पाहिलं. त्या वर्षीचा वर्गाचा फोटो काढला, त्यात भागवत मागच्या रांगेत आहे, डोळे मिटलेले आले आहेत. मी पुढे खुर्चीत, ताठ. मी असं म्हटलं असेन का? म्हटलं असणार. ते माझंच वाक्य वाटतंय.

गुरुवार, २० मार्च

आठवडा थांबवेना. सकाळच्या एसटीनं मीच लातूरला गेले. सुकन्याला चल म्हटलं, ती नाही म्हणाली. चाकूरपर्यंत उभी होते, पुढे जागा मिळाली. शेजारी शिकवणीची मुलगी, गुडघ्यावर वही, लेन्सचं सूत्र घोकत होती. तिला विचारलं, भिंग कधी हातात धरलंस का? तिनं मान हलवली आणि पुन्हा घोकायला लागली. तिला हसायचा मला काय हक्क?

गंजगोलाईच्या मागच्या बोळात सुट्या भागांची दुकानं आहेत. तीन ठिकाणी मला कोणी विचारलंच नाही, माझ्या खांद्यावरून मागच्या गिऱ्हाईकाला विचारायचे. चौथ्या दुकानात काउंटरवरच्या पोरीनं विचारलं, "कोणासाठी पाहिजे, मावशी? नातवासाठी?"

"माझ्यासाठी," मी म्हटलं.

पेनाएवढा पाना, टोकाला तीन पाकळ्या. चष्मा काढून डोळ्याजवळ धरून बघितला. परतीच्या बसमध्ये पर्समधून दोनदा काढून पाहिला. अठ्ठावन्नाव्या वर्षी माणूस असा वागतो हे लिहून ठेवायला हवं.

घरी आले तर सुकन्याचे डोळे सुजलेले. कांदा चिरला म्हणाली. स्वयंपाक मात्र झालेला नव्हता.

शनिवार, २२ मार्च

आज उघडलं.

भागवतनं काउंटर पुसला, पांढरा कागद पसरला आणि पाना माझ्याच हातात दिला. "तुमीच खोला, मॅडम. मी बघतो." कागदावर यंत्राचा आकार काढायला लावला, जो स्क्रू जिथून निघेल तो कागदावर तिथंच ठेवायचा. पहिल्या स्क्रूवरून पाना घसरला. "दाबून धरा, मग फिरवा. फिरवून दाबू नका." सुटला! पाठीचे चार तीन पाकळ्यांचे, कडेचे साधे. मग पाठ अलगद उचलली. आत पत्र्याचं झाकण, ते काढलं, आणि मला दिसलं: लहानसा पंखा, तांब्याची चपटी नळी, हिरव्या पाटीवर मुंगीएवढे काळे चौकोन. एकेकाला विचारत गेले, हे काय, ते काय? भागवतला जेवढं माहीत होतं तेवढं त्यानं सांगितलं, बाकीच्याला "कुणाला ठाऊक" म्हणाला. मी वर्गात असं एकदाही म्हटलं नाही.

बॅटरी फुगलेली नव्हती. त्यानं मीटरची टोकं लावली. "बॅटरीत दम हाय. मग अडलंय कुठं?" मग बोट दाखवलं. बॅटरीची तीन-चार तारांची जुडी जिथं पाटीत रुतून बसायला हवी, तिथून ती उचलली गेली होती. एका बाजूनं केसाएवढी. एवढ्यामुळं बंद! मी प्लास्टिकच्या काडीनं दाबली. टक् असा बारीक आवाज आला.

चार्जर लावला. काळ्या काचेवर बॅटरीचं चित्र उमटलं. मी दुकानात टाळ्या वाजवल्या. समोरच्या पानपट्टीवरचे लोक बघायला लागले.

भागवत मात्र मागचं झाकण बघत होता. आतून कोपऱ्याला तडा होता आणि स्क्रू बसतो ती खुंटी मोडलेली. "मॅडम, हे आपोआप न्हाई. हातातून सुटूनबी एवढं होत न्हाई. हे कुठंतरी जोरात आदळलंय."

बंद करताना मी म्हटलं, "भागवत, त्या टेप रेकॉर्डरच्या वेळी माझं चुकलं."

तो स्क्रू पिळत होता. म्हणाला, "जाऊ द्या मॅडम. तसा तो टेप नंतर कधी चालूच झाला न्हाई. माझंबी चुकलंच होतं."

रविवार, २३ मार्च

काल घरी आल्यावर जे झालं ते काल लिहिता आलं नाही.

सुकन्या भाजी निवडत होती. मी यंत्र तिच्यापुढं धरलं, चालू केलं. तिनं बघितलं न बघितल्यासारखं केलं. मी उत्साहात सगळं सांगत सुटले, तारांची जुडी, तडा, खुंटी. "हे कुठंतरी आदळलंय, भागवत म्हणाला. तुझ्या हातून पडलं होतं का?"

"पडलं नाही. मी फेकलं."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"भिंतीवर फेकलं, आई. त्याच्या अंगावर नाही, भिंतीवर. बाबांचा फोन आला होता उदगीरहून. म्हणाले, पाडव्यापासून दुकान तुम्ही दोघांनी सांभाळायचं ठरलं, फार आनंद झाला. ठरलं! त्यानं पुण्याची नोकरी सोडायचं ठरवलं, माझीही सोडायचं ठरवलं, आणि मला सासऱ्यांच्या फोनवरून कळतंय. तो खेळत बसला होता. मी हातातून ओढून घेतलं आणि फेकलं."

औषधांच्या कंपनीत क्वालिटी विभागात ती सहा वर्षं आहे. यंदा तिच्या हाताखाली आठ माणसं आली. मला हे माहीत होतं, सगळ्यांना सांगत होते.

"मला का नाही सांगितलंस?"

"कधी सांगू? मी आले त्या दिवसापासून तू त्याला रोज फोन करतेस. आणि मला विचारतेस काय, तर बटण किती सेकंद दाबलं."

मी तिच्याजवळ बसून मेथी निवडायला लागले. ती रडली. मीही.

हे जेवायला आले तेव्हा त्यांना सांगितलं. म्हणाले, "मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. मार्चात कोण स्वेटर आणतं?"

"मग मला का नाही सांगितलं?"

"तुला विचारलं होतं की, पोरीशी बोललीस का म्हणून."

पंधरा दिवस मी यंत्राला तासातासाला हात लावून बघत होते. पोरीच्या कपाळाला एकदाही हात लावला नाही.

मंगळवार, २५ मार्च

एक गोष्ट कधीच कुठं लिहिली नाही, आज लिहिते.

अठ्ठ्याण्णव साली मला लातूरला शिक्षकांना विज्ञान शिकवायला बोलावलं होतं. तिथं प्रयोगशाळा होती, खरीखुरी. मी गेले नाही. ह्यांची आडत अहमदपुरात, सुकन्या वर्षाची, हे नको म्हणाले, असं मी सत्तावीस वर्षं सगळ्यांना सांगत आले. सुकन्यालाही. खरं म्हणजे मी ह्यांना विचारलंच नव्हतं. ते पत्र दाखवलंही नाही. नाही म्हणतील असं धरून चालले आणि त्यांच्यावर रुसून बसले. ह्यांना कारणही कळलं नसेल.

आज दुपारी विचारलं. "तेव्हा सांगितलं असतं तर काय म्हणाला असता?"

ह्यांनी ताक पिऊन पेला खाली ठेवला. "आडत सोडून लातूरला आलो नसतो."

"तेच मला वाटलं होतं."

"पण एसटी हाय की. रोज जाऊन-येऊन केलं असतंस. पोरीला माझ्या आईनं सांभाळलं असतं." मग म्हणाले, "लई दिवस तू माझ्याशी नीट बोलत नव्हतीस. ते हेच होतं व्हय?"

हाव, मी म्हटलं. हेच होतं.

सुकन्या दाराशी होती. तिनं ऐकलं. संध्याकाळी तिनं स्वतःहून रुद्रेशरावांना फोन लावला. मी आणि हे मुद्दाम शिवमंदिरात जाऊन बसलो, तासभर.

शनिवार, २९ मार्च

रुद्रेशराव दुपारी अडीचच्या गाडीनं आले. उद्या पाडवा, इथून त्यांना उदगीरला जायचं होतं. दाढी वाढलेली, शर्ट ढगळ झालेला. मला वाकून नमस्कार केला तेव्हा मी "रोज फोन करून त्रास दिला" असं काहीतरी बोलून गेले. म्हणाले, "मामी, तेवढाच एक फोन यायचा मला."

सुकन्यानं यंत्र त्यांच्यापुढं टीपॉयवर ठेवलं. "चालू झालंय."

"कोणी केलं?"

"आईनं."

त्यांनी उलटं करून तड्यावर अंगठा फिरवला. चालू केलं. मी चहा घेऊन गेले तर दोघं एका सोफ्यावर, मधे एका माणसाची जागा सोडून. पडद्यावर एक छोटं गाव होतं. दोघांनी मिळून तीन वर्षांत वसवलेलं म्हणे, प्रत्येकाचं वेगळं घर, मधे सामाईक शेत. कोणी फिरकलं नाही म्हणून सगळीकडे गवत माजलेलं. रुद्रेशराव उपटत होते. थोड्या वेळानं तिनं हात पुढे केला, त्यांनी यंत्र दिलं, मग ती उपटायला लागली. असं आलटून पालटून अर्धा तास चाललं. मी स्वयंपाकघरात होते, पण कान तिकडेच. कबूल करते.

मग रुद्रेशराव म्हणाले, "बाबांना शिडी चढता येत नाही आता. दोनदा पडले. मी एकदम हो म्हणून बसलो."

"तू बाबांना हो म्हणालास याचा राग नाही," सुकन्या म्हणाली. "माझ्या वतीनं म्हणालास."

"तू नाही म्हणशील अशी भीती होती."

"मी नाहीच म्हणणार होते."

यंत्राची टुकटुक थांबली.

"मग?" त्यांनी विचारलं.

"तू जा. बाबांना गरज आहे. मी पुण्याला जाते, माझी माणसं वाट बघतायत. वर्षभर बघू. तू ये, मी येते. नाही जमलं तर तेव्हा बोलू. पण बोलू."

"आणि उद्याची पूजा? बाबा तर—"

"पूजेला येते. बाबांना मी स्वतः सांगते, दुकानात बसायला नाही आले म्हणून. तू नाही सांगायचं. मी."

रुद्रेशराव हळूच म्हणाले, "हाव."

हे असं असतं का संसाराचं? वेगवेगळ्या गावांत राहून? मला ठरवता येत नाही. मला वाटलं होतं यंत्र चालू झालं की सगळं चालू होईल. तसं झालं नाही. पण दोघांनी जेवताना एकमेकांना वाढलं.

मंगळवार, १ एप्रिल

उदगीरला पूजा झाली. रेवणप्पांचा चेहरा पडला होता. सुकन्या त्यांच्या शेजारी खुर्ची ओढून बसली, तासभर हळू आवाजात बोलत होती. निघताना त्यांनी तिच्या हातात फराळाचा डबा दिला आणि "पुण्यात एकटीनं नीट ऱ्हा," म्हणाले. रागानं की मायेनं, कळलं नाही. दोन्ही असेल.

काल सकाळी ती पुण्याला गेली. कन्सोल रुद्रेशरावांकडं राहिला. शनिवारी ते पुण्याला जाताना घेऊन जाणार आहेत. घर एकदम रिकामं झालंय. तिचे स्वेटर नेले तिनं, ताटही.

शनिवार, ५ एप्रिल

भागवतनं दुपारी येत चला म्हटलं होतं. परवापासून रोज दोन तास त्याच्या दुकानात बसते, तो शिकवतो, मी स्क्रू कागदावर मांडते. हे म्हणतात, निवृत्त झालीस की रुजू झालीस?

आज रेणापूरकडची एक म्हातारी आली होती. लेकीकडं आलीय, साखराबाई नाव. पदराच्या गाठीतून साधा बटणांचा मोबाईल काढून काउंटरवर ठेवला. "हे बोलंना, बाई. चार दिस झाले."

भागवत नेहमीसारखा चार्जर उचलायला गेला. मी फोन हातात घेतला. वरचं बटण दाबलं, काही नाही. पाठ गार. पाना उचलला, आणि थांबले.

"साखराबाई," मी विचारलं, "हा बंद पडला त्या दिवशी काय झालं होतं?"

तिनं माझ्याकडं निरखून पाहिलं. मग भागवतकडं. मग स्टूल पुढं ओढलं, त्यावर बसली आणि गुडघ्यावर हात ठेवले.

"त्या दिशी व्हय?" म्हणाली. "आता कुटून सांगू?"

"पहिल्यापासून सांगा."

मी पाना खाली ठेवला. भागवतनं तिघांचा चहा सांगितला.